चक्कर आल्याचं कळलं

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "ठीक आहे गं" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. काल निखिलच्या आईचा फोन आला होता. बुद्धिबळ स्पर्धेत चौथी फेरी संपल्यावर तुला चक्कर आली, पंचांनी बसवून पाणी पाजलं, हे मला तिच्याकडून कळावं? "घरी सांगू नकोस" असं तू निखिलला बजावलंस, तेही कळलं. रागावत नाहीये. सकाळी काय खाल्लं होतंस, एवढंच सांग.

गणपतीत नानामामा बोलला ते तुझ्या मनातून गेलेलं नाही, दिसतं मला. "बसल्याजागी लाकडं सरकवायची, त्याला खेळ कसला म्हणतात?" आणि तेही भर पंगतीत! तू ताटावरून उठलास, विसर्जनालासुद्धा थांबला नाहीस, सरळ सांगलीची गाडी धरलीस. नानाचा गुडघा गेला कबड्डीत आणि रेल्वेतली नोकरी लागली तीही कबड्डीवर. माती-घाम नसला की त्याला खेळ दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला १९९९ सालीच मान्यता दिली, २००६च्या दोहा एशियाडमध्ये कोनेरू हंपीनं सुवर्णपदक आणलं, आपल्या देशातला पहिला खेलरत्न पुरस्कार विश्वनाथन आनंदला मिळाला, हे त्याला कोण सांगणार? शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांतही बुद्धिबळ आणि कबड्डी एकाच यादीत असतात. आता ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धांत बुद्धिबळ नाही, हे खरं. इंग्लंडात तर सरकारदरबारी त्याला खेळ मानतच नाहीत, कारण तिथल्या व्याख्येत अंगमेहनत लागते. म्हणजे नाना अगदीच एकटा नाही. (हे त्याला कळू देऊ नकोस, डोक्यावर बसेल.)

माझं विचारशील, तर मी समितीबिमितीवर नाही ठरवत. तुझ्या स्कोअरशीटचा, डावातल्या चाली लिहायच्या कागदांचा, गठ्ठा मी फायलीला लावून ठेवलाय. परवा कपाट आवरताना चाळत बसले. पहिल्या वीस-एक चाली कशा टपोऱ्या अक्षरात. पस्तिसावीच्या पुढे अक्षर रेघ सोडून खाली घसरतं आणि चाळिसावीच्या आसपास घोडा कुठला नि राजा कुठला, काही लागत नाही. घड्याळ पळत असतं, तू म्हणशील. असेल. पण त्या दिवशी खजुराचा डबा न उघडताच परत यायचा, हेही माझ्या लक्षात आहे.

बाबा ती कारपोव-कास्पारोवच्या जगज्जेतेपदाच्या लढतीची गोष्ट सांगतात ना, १९८४ची. ४८ डाव झाले, पाच महिने चाललं आणि शेवटी निकाल न लावताच लढत थांबवली. कारपोव तोवर पार वाळला होता. खुर्चीत बसून माणूस इतका झिजत असेल तर तो खेळच, माझ्यापुरता विषय संपला. पण मग खेळाडूसारखं राहायला नको का रे? नाना सामन्याच्या आदल्या रात्री दहाला अंथरुणात असायचा, आजी त्याला दूध-अंडी मोजून द्यायची. आणि तुझं काय, पहाटे तीनपर्यंत ऑनलाइन ब्लिट्झचे झटपट डाव, सकाळी मेसचा अर्धा कप चहा! एवढी कसली ती...

बघ, लागले सुरू. खाण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते. माफ कर.

तू लहानपणी असा नव्हतास. नौपाड्यात स्पर्धा असायच्या तेव्हा पटापर्यंत हात पोचायचा नाही, खुर्चीवर गुडघे टेकून खेळायचास. न्यायचं कोण? नानाच. स्कूटरवर पुढे उभा करून. मग खिडकीतून डोकावून बाहेरच्या आईबापांना विचारत बसायचा, "आमचा पोरगा पुढे आहे का?" त्याला पटावरचं ओ की ठो कळत नव्हतं. डाव संपला की मामलेदारची मिसळ, हरलास तरी आणि जिंकलास तरी. नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, डावासाठी रडतोयस की तिखट लागलंय, ते नानालाही समजायचं नाही. पण पाव दोन-तीन सहज संपवायचास.

निखिलच्या आईनं आणखी एक सांगितलं. चक्कर येऊन गेल्यावरही पाचव्या फेरीत त्या फिडे मास्टर किताबवाल्या खेळाडूला बरोबरीत रोखलंस म्हणे. कुलकर्णीकाकूंना सांगून झालं, ऑफिसातही सांगितलं. चक्करेचं कुणाला बोलले नाही. बाबांनाही नाही.

त्यांची शुगर पहिल्यांदा कळली ती अशीच. ठाणे स्टेशनच्या पुलावर, भर गर्दीत. तेव्हा तू पोटात होतास. तुझं तसलं काही नसणारच, नुसतं जागरण असेल. तरी रविवारी मिरजेला वसूमावशीकडे जा, मी तिला बोलून ठेवलंय. ती तुला रक्त तपासायला नेईल. उपाशीपोटी जायचं असतं, ते काही तुला कठीण नाही. पण रक्त दिल्या दिल्या तिथेच काहीतरी खा, घरी पोचेपर्यंत थांबू नकोस. आणि रिपोर्ट आधी मला पाठव.

तुझी,
आई