तुरुंगातल्या माणसाला पाठवलेले पैसे पोहोचले की नाही, एवढं तरी कळू द्या

माननीय कारागृह मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे. त्याच्या गुन्ह्याबद्दल किंवा शिक्षेबद्दल मला आपल्याकडे काही मागायचं नाही. शिक्षा कोर्टाने दिली आहे आणि तो ती भोगतो आहे. आम्ही दर महिन्याला त्याला जे थोडेफार पैसे पाठवतो, त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

आत राहायला-खायला मिळतं, मग पैसे कशाला, असं लोक विचारतात. पूर्वी मीही विचारलं असतं. कैद्याच्या हातात सहसा रोकड देत नाहीत. घरून आलेले पैसे त्याच्या नावच्या खात्यात पडतात आणि कॅन्टीनमधून तो जे घेईल त्याचे त्यातून वळते होतात. साबण, टूथपेस्ट, वही, पेन, पोस्टाची तिकिटं, आतले कपडे. आणि फोन. फोनचे पैसेही त्याच खात्यातून कापले जातात, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

गेल्या वर्षी त्याचे फोन एकाएकी बंद झाले. आठवडा गेला, दोन गेले, महिना उलटला. शेवटच्या फोनवर आमची थोडी खडाजंगी झाली होती, म्हणून मी धरून चालले की रुसला असेल. आईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मुलाखतीला गेलो, तर दारावरच कळलं की त्याला केव्हाच दुसऱ्या तुरुंगात हलवलंय. तिथली मुलाखत मिळायला आणखी काही दिवस गेले. जाळीपलीकडे बसता बसता तो म्हणाला, "ताई, पैसे बंद केलेत, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा सांगायचं तरी."

आम्ही एकही महिना चुकवला नव्हता. सगळ्या पावत्या आईच्या पिशवीत होत्या, आणि पिशवी बाहेर जमा करावी लागली होती. त्यामुळे त्याला दाखवताही आल्या नाहीत. आई नुसती हाताने खूण करत राहिली, पाठवले रे, पाठवले.

पैसे जुन्याच तुरुंगात जात होते. तिथे ते घेतलेही जात होते. कुणी परत पाठवले नाहीत, कुणी कळवलं नाही. महिनोन्‌महिने ती रक्कम एका रिकाम्या झालेल्या नावावर साठत राहिली, आणि तो मात्र इकडे साबणासाठी दुसऱ्यांपुढे हात पसरत होता. आतली उसनवारी कशी अंगाशी येते, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

साहेब, हे कायद्यात न बसणारं मागणं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2015 साली कैद्यांना द्यायच्या वागणुकीचे किमान नियम नव्याने मंजूर केले. 27 वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलेलं आहे. त्यातला 67 वा नियम सांगतो की कैद्याचे पैसे आणि वस्तू नोंद करून सांभाळायच्या, सुटताना परत द्यायच्या, आणि बाहेरून त्याच्यासाठी आलेल्या पैशांनाही हेच लागू. लगेच पुढचा, 68 वा नियम म्हणतो की दुसऱ्या तुरुंगात हलवल्याचं घरी ताबडतोब कळवण्याचा कैद्याला हक्क आहे आणि त्याची सोयही त्याला करून द्यायची आहे. हे दोन नियम पाळले गेले असते, तर आमचे ते महिने असे गेले नसते.

पाठवणाऱ्याची ओळख तपासा, रकमेला मर्यादा घाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैशांसाठी आत धमक्या दिल्या जातात, ते रोखायलाच हवं. पण पैसे पाठवण्यावर शुल्क कशासाठी? इंग्लंड आणि वेल्समध्ये कैद्याचा क्रमांक आणि जन्मतारीख भरून डेबिट कार्डाने ऑनलाइन पैसे पाठवता येतात आणि त्याला काहीही आकार पडत नाही. उलट अमेरिकेत हे काम बऱ्याच ठिकाणी खासगी कंपन्यांकडे आहे आणि त्या प्रत्येक वेळी आपला वाटा घेतात. असा वाटा पडतो तो कैद्याच्या नाही, त्याच्या आईच्या खिशातून. आणि थोडी रक्कम पाठवणाऱ्यालाच तो जास्त बोचतो, कारण एकदम मोठी रक्कम पाठवायची त्याची ऐपत नसते.

माझं मागणं मोठं नाही. पैसे खात्यात जमा झाले की पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज यावा. बँकेत अगदी किरकोळ रक्कम भरली तरी येतो, तसाच. कैदी हलवला की त्याचं खातंही त्याच्याबरोबर जावं, आणि मधल्या काळात जुन्या ठिकाणी पोहोचलेले पैसे मागे पडू नयेत. क्रमांकातला एखादा आकडा चुकला, तर रक्कम परत यावी आणि का आली तेही लिहिलेलं असावं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना फॉर्म वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तुरुंगाच्या दाराशी एक खिडकी आणि शिक्क्याची पावती असावी. माझी आई त्यांच्यातलीच एक आहे. फॉर्म मी भरते, पण कैदी क्रमांक ती तोंडपाठ म्हणून दाखवते आणि मी लिहिलेला प्रत्येक आकडा बोट ठेवून ताडून बघते.

या महिन्याचे पैसे नऊ दिवसांपूर्वी पाठवले आहेत. अजून त्याचा फोन आलेला नाही. पावती आईने पिशवीत ठेवली आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
एका कैद्याची मोठी बहीण