सायलेन्सर दुकानात नाही, हुबळीत ऐका

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात फोटो होता, पोलिसांनी गाड्यांवरनं उतरवलेले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेले आणि त्यांच्यावरून जाणारा रोडरोलर. परवा त्याच बातमीवर एका काकांचं पत्र आलं की बाईकचं कंपनीचं सामान बदलणारे सगळेच उंडगे, यांच्या गाड्याच जप्त करा. काकांचा राग मला पटतो. मी स्वतः तसा सायलेन्सर दोन महिने गाडीला लावून फिरलोय आणि आता काढून ठेवलाय, म्हणून म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात, कारण या विषयावर एक तर पोलीस बोलतात नाहीतर रील बनवणारी पोरं बोलतात, मधला माणूस कुणी बोलतच नाही.

माझ्याकडे रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ आहे, धुराच्या बीएस-६ नियमातली. वय ४४, नोकरी, दोन पोरं, वर्षातनं दोन-तीन लांबच्या ट्रिपा. मी काय रात्री रंकाळ्यावर सायलेन्सरचे फटाके फोडत फिरणाऱ्यातला नाही. तरीपण मला सायलेन्सर बदलायची हौस आली, आणि ती कशी आली तर ग्रुपमधल्या सगळ्यांनी बदलला होता म्हणून आली, दुसरं कारण खरं सांगायचं तर नव्हतंच. मग स्वतःला सांगायला कारणं शोधली. वजन कमी होतं, पॉवर वाढते, इंजिन मोकळा श्वास घेतं वगैरे.

दुकानात गेलो तर पाच-सहा प्रकार टांगलेले. इंदौरी, पंजाबी, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, आणि एका कोपऱ्यात अक्रापोविच या स्लोव्हेनियाच्या महागड्या कंपनीचं नाव कोरलेला एक, मूळ किंमत माहीत असलेला माणूस तो भाव ऐकूनच समजेल की हा स्लोव्हेनियातनं आलेला नाही, फार तर दिल्लीतनं आलाय. मी त्यातल्या त्यात शहाण्यासारखा स्टेनलेस स्टीलचा, डीबी किलरवाला (म्हणजे तोंडात आवाज कमी करणारा तुकडा बसवलेला) स्लिप-ऑन घेतला. स्लिप-ऑन म्हणजे मागचा डबा फक्त बदलायचा, इंजिनातनं येणारा बेंड पाइप कंपनीचाच ठेवायचा. पोरानं तो चढवला, गाडी चालू केली आणि दोनदा थ्रॉटल दिला. काय सांगू साहेब, अंगावर काटा आला. शेजारच्या चहाच्या टपरीवरची दोन पोरं उठून बघायला आली, एक म्हणाला "कसला नाद खुळा हो काका". त्या एका वाक्यावर मी पैसे दिले. सायलेन्सर किती सेकंद ऐकून घेतला? फार तर वीस. सगळी चूक इथंच झाली आणि सगळ्यांची इथंच होते असं मला वाटतं, कारण टूरिंगच्या गाडीचा सायलेन्सर आपण उभ्या गाडीवर, वीस सेकंद, बाजूला उभं राहून निवडतो, आणि मग त्याच्या पुढं बसून रोज आठ-आठ तास चालवतो.

पुढच्याच महिन्यात बायकोला घेऊन हंपीला निघालो. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, मग गदग-कोप्पळवरनं होस्पेट, सगळं मिळून साडेतीनशेच्या वर जातं. कागलपर्यंत मजा. निपाणी सोडल्यावर डोक्यात काहीतरी घुमायला लागलं. ८०-८५ चा स्पीड धरला की आरपीएम चार हजाराच्या आसपास असतो आणि एक सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतं, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ दणके. तो आवाज कानापेक्षा छातीत आणि हेल्मेटच्या आत जास्त जाणवतो, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखा. स्पीड बदलला की जातो, पण हायवेला माणूस किती वेळा स्पीड बदलणार, आणि नेमका जो स्पीड तुम्हाला आणि गाडीला सोयीचा असतो तिथंच तो घुमतो. हुबळीत जेवायला थांबलो तर बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही या गाडीवरनं, मी हितनं बसनं येतो." (आमच्या कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतात, त्यात चेष्टा नव्हती.) ती खरंच स्टँडची चौकशी करायला लागली होती. कसंबसं समजावलं, कानात कापूस घातला आणि ६५ नं होस्पेट गाठलं.

तिथं सामान उतरवताना दुसरं कळलं. उजव्या सॅडल बॅगचा खालचा कोपरा वितळून टॉफीसारखा झाला होता आणि आतला रेनकोट स्वतःलाच चिकटला होता. कंपनीचा सायलेन्सर लांब असतो, त्यावर पत्र्याचं हीट शील्ड असतं, ते उगाच नसतं. माझा नवा डबा आखूड, त्याचं तोंड बरोबर बॅगेखाली, आणि शील्ड म्हणून वर नुसतं कार्बन फायबरचं स्टिकर. दुकानात सामान न लावता, बॅग न अडकवता, मागं माणूस न बसवता फिटिंग बघितलं तर हे कसं कळणार. सीटवर पिलियन बसला आणि सस्पेन्शन दबलं की अंतर अजून कमी होतं हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं.

परत आल्यावर मी जरा वाचलं, दोन मेकॅनिकना चहा पाजून विचारलं. कंपनीच्या सायलेन्सरमधे आत पडदे आणि कप्पे असतात, आवाज एका कप्प्यातनं दुसऱ्यात जातो, उलटा फिरतो, एकमेकाला मारतो. म्हणून तो मोठा आणि जड. बाहेरच्या बहुतेक डब्यांत सरळ एक भोकं पाडलेली नळी असते आणि भोवती ग्लास वूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. ग्लास वूल बारीक, कर्कश आवाज चांगला खातं पण जाड घुमणारा आवाज त्याला फारसा आवरत नाही, त्याला जागा लागते, डब्याचं पोट मोठं लागतं. म्हणजे आखूड आणि बारका डबा दिसायला कितीही भारी असला तरी तो घुमणारच. त्यात ग्लास वूल कायम राहत नाही, उष्णतेनं आणि झटक्यांनी हळूहळू जळतं, बाहेर पडतं, आणि घेतला तेव्हा ठीक वाटणारा डबा हजारो किलोमीटरनं ओरडायला लागतो. म्हणून घेताना एवढं तरी बघावं की डबा स्क्रूनं उघडतो का रिव्हेट मारून कायमचा बंद केलाय, म्हणजे नवीन वूल भरता येतं का नाही.

पॉवरचं म्हणाल तर मला तरी काही जाणवलं नाही. ईसीयू (इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर) कंपनीचा, हवा घ्यायची जागा कंपनीची, मग नुसतं शेपूट बदलून घोडा पळेल कशाला. वजन मात्र खरंच कमी होतं, दोन्ही सायलेन्सर मी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितले, जवळजवळ अडीच किलोचा फरक. पण तेवढं वजन मी रात्रीचं जेवण कमी करून पण घटवू शकतो असं बायको म्हणाली आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. थ्रॉटल सोडल्यावर मागनं जे फट फट व्हायचं, पोरांना ते लई आवडतं, ते माझ्या गाडीत निघालं जॉइंटमधल्या लीकमुळं. जुनंच गॅस्केट (जॉइंट हवाबंद करणारी चकती) वापरलं होतं, तिथनं हवा आत ओढली जायची आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटायचं. पन्नास-शंभराच्या वस्तूचा विषय.

एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांना सांगतो. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारा कॅट-कॉन असतो आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. आपल्या गाडीत कॅट-कॉन बेंड पाइपात आहे का मागच्या डब्यात हे आधी विचारा. बेंड पाइपात असेल तर स्लिप-ऑन लावल्यानं तो जागेवर राहतो. फुल सिस्टीम (बेंड पाइपासकट सगळंच नवीन) टाकली तर तो सरळ भंगारात जातो, मग चेक इंजिनचा दिवा लागतो, मग दिवा घालवायला रिमॅप, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं, आणि हा खर्च सायलेन्सरच्या बिलात कुणी लिहून देत नाही. शिवाय पीयूसी आहेच. आमच्या ग्रुपमधल्या एकानं असंच केलं आणि आता तो पीयूसीच्या दिवशी रविवारभर बसून जुना पाइप परत चढवतो.

आता काकांच्या मुद्द्याकडं येतो. आवाजाचा नियम आपल्याकडं आहे, १७५ सीसीच्या वरच्या बाईकला कारखान्यातनं बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा, ती पण साडेसात मीटरवर माइक ठेवून, गाडी जोरात पळवत मोजलेली. दुकानदार जो "साहेब नव्वद डीबीच आहे फक्त" म्हणतो तो किती अंतरावरचा, गाडी उभी का पळती, हे त्याला विचारा, त्याला माहीत नसतं. मोबाइल ॲपवर मोजून सांगतो तो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं उतरतो, म्हणजे नुसत्या आकड्याला अर्थच नाही. बाहेरच्या देशातल्या चांगल्या डब्यांवर गोलात 'ई' असा शिक्का असतो, पण तो ठराविक मॉडेलवर तपासून दिलेला असतो, दुसऱ्या गाडीला लावला की त्या शिक्क्याचा उपयोग नाही, आणि आपल्याकडं तर शिक्का पण नकली मिळतो.

दंडाचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. ते कुणाला? गाडी चालवणाऱ्याला. चूक आहे तर भरावा, माझी काही तक्रार नाही. पण रोडरोलरखाली जे चिरडलं ते ज्या दुकानातनं आलं ते दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडंच असतं, आणि तिथं उघड्यावर टांगलेलं असतं. आणि चौकात थांबवलं की मोजमाप काय, तर हवालदार साहेब म्हणतात "जरा रेस कर". त्या रेसवर ठरतं. मीटर आणा, जागेवर मोजा, आकडा लिहून द्या, मग कुणी वाद घालणार नाही. ऑस्ट्रियात टिरोलमधे २०२० पासून उन्हाळ्यात काही घाटरस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या बाईकला बंदीच आहे, पण तो आकडा गाडीच्या कागदावर छापलेला असतो, तिथं कुणी रेस करायला लावत नाही. आपल्या कागदांवर पण तो आकडा येऊ दे, मग आम्हाला पण घेताना कळेल काय घ्यायचं.

"मोठा आवाज असला की ट्रकवाला बाजूला होतो" असं आमच्यातले बरेच म्हणतात, मी पण म्हणायचो. आवाज मागं जातो हो, ट्रक पुढं असतो, त्याची काच बंद आणि आत गाणी. ऐकू कुणाला जातो, तर मागच्या घरांना. हंपीहून आम्ही रात्री साडेअकराला पेठेत पोचलो. गल्लीत वळताना मी थ्रॉटल अगदी सोडला होता, तरी त्या लीकनं दोनदा फट फट केलं. समोरच्या घरातला दिवा लागला, तिथं आजोबा आहेत, बायपास झालेले. दुसऱ्या दिवशी भेटले तर रागावले पण नाहीत, नुसतं म्हणाले, "रात्री काय ट्रान्सफॉर्मर उडाला काय रे?" मी हो म्हटलं. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत असायला लागतं असं पण नाही.

त्याच रविवारी कंपनीचा सायलेन्सर परत चढवला, नवीन गॅस्केट टाकून. घुमणं बंद झालं पण वाऱ्याचा आवाज राहतोच, हायवेला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्यानंच नव्वदच्या आसपास जातं आणि ८५ डेसिबल आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणून आता मेडिकलमधले फोमचे बोळे घालतो. हॉर्न ऐकू येतो, काळजी नको.

काढलेला डबा ओएलएक्सवर टाकला होता. एका पोराचा फोन आला, भाव पण बरा देत होता. म्हणाला, "काका, तो डीबी किलर निघतो ना?" एकाच स्क्रूवर असतो, निघतो की. मी म्हटलं नाही निघत, वेल्डिंग केलंय. त्यानं फोन ठेवला. डबा जुन्या बेडशीटमधे गुंडाळून माळ्यावर आहे, बायको दिवाळीच्या साफसफाईला विचारते की हे काय आहे आणि कधी टाकणार.

आपला,
एक हिमालयनवाला वाचक, कोल्हापूर