सग्वारो नीट समजावून दिल्याबद्दल टूसॉनच्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

ॲरिझोनातल्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवकाचं काम सांभाळून तुम्ही मुलांसाठीच्या आमच्या मराठी माहितीपत्रकाची ओळ न् ओळ तपासून दिलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार, आणि नेमके कशाचे तेही सांगायला हवं.

सग्वारो म्हटलं की वर हात केलेला उंच निवडुंग डोळ्यांसमोर येतो. तुम्ही आम्हाला बीपासून सुरुवात करायला लावलीत. एका फळात साधारण २,००० बिया असतात, काळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. फळं जूनच्या अखेरीस, सोनोराच्या वाळवंटातल्या पावसाच्या तोंडावर पिकतात. पाऊस वेळेवर झाला तर बी रुजतं. पण उघड्यावरचं रोप उन्हात करपतं, थंडीत गोठतं किंवा उंदरांच्या तोंडी जातं. तग धरतात ती बहुतेक पालो वर्दे, मेस्कीट किंवा आयर्नवूड या झाडांच्या सावलीतली. तिथेही पहिल्या आठ वर्षांत उंची जेमतेम एक-दीड इंच! म्हणून ‘रोपं शोधायची तर झाडाखाली गुडघे टेकून शोधा’ ही तुमची सूचना आम्ही ठळक अक्षरांत छापली आहे.

पहिलं फूल यायला सुमारे ३५ वर्षं लागतात. हात फुटायला ५० ते ७५, फार कोरड्या जागी शंभरही.

फुलांवरची तुमची टिपणं तर फारच मोलाची. तळहाताएवढं पांढरं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतं. एका झाडाचे पराग त्याच झाडाला चालत नाहीत, त्यामुळे पाहुणे आले नाहीत तर फळ नाही. रात्री मेक्सिकोहून आलेली लांब नाकाची वटवाघळं येतात, उजाडल्यावर मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे होले. ही वटवाघळं अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत १९८८ साली गेली आणि २०१८ मध्ये बाहेर आली. होल्याचं दुसरं रूपही तुम्ही लपवू दिलं नाहीत: परागीभवनाला मदत करणारा हाच पक्षी फळं खातो तेव्हा बहुतेक बिया त्याच्या पोटात दळल्या जातात. कोयोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) आणि वटवाघळांच्या विष्ठेतून मात्र त्या धडधाकट बाहेर पडतात.

खोडातल्या भोकांबद्दल मुलं हमखास विचारतात, ‘झाड मरत नाही का?’ ‘हीला’ (Gila) नावाचा सुतार पक्षी खोडातला गर कोरतो, पण लगेच राहायला जात नाही. जखमेभोवती रस सुकून बुचासारखा टणक थर धरतो, ओल आत झिरपायची थांबते, आणि काही महिन्यांनी घरटं तयार होतं. झाड कुजून पडलं तरी हा कप्पा शाबूत उरतो. गिल्डेड फ्लिकर हा दुसरा सुतार पक्षी शेंड्याजवळ कोरतो आणि आतल्या लाकडी फासळ्याही तोडतो, म्हणून त्याच्या भोकाने जास्त इजा होते. दोघांनी सोडलेल्या घरात पुढे एल्फ घुबड येतं, आपल्या पिंगळ्याहूनही लहान.

सगळ्यात मोठे आभार माहितीपत्रकातल्या गवतावरच्या पृष्ठासाठी. आपल्याकडे कोरडवाहू भागात चारा म्हणून लावतात ते अंजन गवत तिथे बफेल गवत म्हणून ओळखलं जातं. १९३० च्या दशकात तेही जनावरांच्या चाऱ्यासाठीच नेलं गेलं. वाळवंटातल्या झाडांमध्ये मोकळी जमीन असते, त्यामुळे पूर्वी आग फार पसरत नसे. या गवताने ती जमीन भरून काढली. सग्वारोला आगीशी झुंजण्याची सवयच नाही. होरपळलेलं झाड काही वेळा वर्षांनंतर मरतं. हे वाचून आपल्या मुलांना ते गवत वाईट वाटू नये, ते चुकीच्या जागी गेलं एवढंच कळावं, असा तुमचा आग्रह होता. तो अगदी रास्त आहे.

हे गवत उपटण्याची कृती तुम्ही दिली तशीच ठेवली आहे: पहारीने गड्डा मुळासकट काढायचा, कारण वरून कापलं तर पुन्हा फुटतं. तुरे पिशवीत भरून बाहेर न्यायचे. तणनाशक वापरायचंच तर पावसानंतर गवत हिरवं असतानाच. वाळल्यावर ते मुळापर्यंत जात नाही. आणि जमिनीत बी उरतं, म्हणून त्याच जागी पुढच्या पावसानंतर पुन्हा जायचं. तुम्ही मंडळी भर उन्हात दगडधोंड्यांच्या उतारावर हे काम करता, त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
माहितीपत्रकाचे संपादक