रविवारच्या एचिंगआधी वाचा

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता गच्चीवर सर्किट बोर्ड एच करणार आहोत, म्हणजे त्यावरचे नको असलेले तांबे रसायनाने विरघळवून काढणार आहोत. लेआउट, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांचे चित्र, लेझर प्रिंटरवरच, गुळगुळीत कागदावर छापून आणा. इंकजेटची प्रिंट चालत नाही. इस्त्रीने तांब्यावर चिकटतो तो टोनर (लेझर प्रिंटरची पूड), शाई नव्हे. बोर्डाच्या खालच्या बाजूच्या तांब्याच्या थराचे चित्र वरून पाहिल्यासारखे असेल तर मिरर (आरशातल्यासारखे उलटे) करू नका, कागद पालथा घातला की ते आपोआप उलटते. टोनर सेव्ह मोड बंद ठेवा. तांबे बारीक पॉलिश पेपरने घासून आणा आणि मग त्याला बोट लावू नका.

तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड गटाकडून मिळेल. भुकटी पाण्यात थोडीथोडी घालायची, भुकटीवर पाणी ओतायचे नाही. द्रावण बरेच तापते. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा. धातूची भांडी नकोत, प्लास्टिकचा ट्रे आणा. डाग सहजी जात नाहीत, तेव्हा चांगला शर्ट घरीच ठेवा.

वापरलेले द्रावण कुणीही मोरीत ओतायचे नाही! त्यात विरघळलेले तांबे असते. आपण ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून पुन्हा वापरतो.

भोके पाडणाऱ्यांनी मास्क आणावा, बोर्ड ज्याचा असतो त्या ग्लास इपॉक्सीची (काचतंतू आणि रेझिन) धूळ वाईट. बोर्डाचे माप शुक्रवारपर्यंत कळवा.