संध्याकाळी पळतो, सकाळी लंगडतो

सांगली, रविवार

मन्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागे हॉर्न वाजत असतात, म्हणून लिहितोय. दिवाळीपासून मी फोन केला नाही हे खरं, पण तूही केला नाहीस. फिटंफाट. तब्येतीचं म्हणशील तर माझी साखर काठावर, आईचे गुडघे आहेत तसेच, सुजाता ठणठणीत.

विषय आमच्या ओंकारचा आहे. गणपतीच्या सुमाराची गोष्ट. सकाळी चहा घेऊन मी खाली उभा होतो आणि कार्टं जिना उतरत होतं. दोन्ही हातांनी कठडा धरून, खेकड्यासारखं आडवं, आधी एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. अरे, कराडच्या होस्टेलचा जिना! तूच उतरत होतास. चहा कपातच राहिला.

आधी टाच दुखायची, मग कंबर. रात्री दोन-तीनला उठून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो, कारण पडून राहिलं की जास्त दुखतं. सातच्या शाळेला पाय टेकवत नाही. अकरापर्यंत सैल होतो आणि संध्याकाळी मैदानावर बॉलिंग टाकतो. झालं! आमच्या दादाने निकाल दिला, 'शाळेपुरतंच दुखणं आहे हे. आमच्या वेळी एका कानाखालीत बरं झालं असतं.' पीटीचे सर तेच म्हणाले, फक्त जरा शुद्ध भाषेत. पहिल्या डॉक्टरांनी वाढीचं वय म्हणून कॅल्शियम दिलं. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल, म्हणजे पोरगं नाटकी. हाडांवर काही दिसत नाही तोवर दुखणाऱ्याने पुरावे देत बसायचं, हा कुठला न्याय? आणि वाढीचं दुखणं असतं ना, ते दोन्ही पायांत, संध्याकाळी नाहीतर रात्री येतं आणि सकाळपर्यंत गेलेलं असतं. ह्याचं वेळापत्रक बरोब्बर उलटं.

तुला आठवतं, १९९६ची सेमीफायनल? टीव्हीरूममध्ये सगळे ठाण मांडून बसलेले आणि तू मागे भिंतीला टेकून उभा. 'बस ना खाली' म्हणून सगळे ओरडत होते. सचिन पासष्टवर यष्टिचीत झाला, तो तू उभा राहिलास म्हणूनच, हे माझं मत आजही कायम आहे. पण तुला बसवत नव्हतं. रेक्टर तुला 'संस्थानिक' म्हणायचे, काकांनी फळीवर झोपवलं, कमरेला पट्टा बांधला. तो कण्याचा संधिवात आहे हे कळेपर्यंत तुझी तिशी उलटली.

म्हणून ह्या वेळी मी वाट बघितली नाही. सुजाताने कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहायला सुरुवात केली, ओंकारने मोजे स्वतःचे स्वतः किती वाजता घातले. सव्वाआठ, साडेनऊ, कधी 'मी घातले'. पुण्याच्या संधिवातवाल्या डॉक्टरीणबाईंकडे ते पानच घेऊन गेलो. फायलीतले रिपोर्ट त्यांनी नंतर उघडले, कॅलेंडर आधी वाचलं. टाचेच्या मागे, जिथे शीर हाडाला चिकटते तिथे अंगठ्याने दाबलं, तर ओंकारने खुर्चीचा हात आवळला. वाकायला लावलं, बोटं नडगीपाशीच अडकली. मग मला विचारलं, 'डोळा लाल झाला होता का कधी?' झाला होता. जूनमध्ये, एकच, उजेड सहन होत नव्हता. आम्ही 'डोळे आलेत' म्हणून थेंब घातले होते. ह्याच दुखण्यात डोळाही सुजतो, हे आम्हाला कुठे ठाऊक!

त्या म्हणाल्या, हलल्यावर मोकळं होणारं आणि विश्रांतीने वाढणारं दुखणं हीच तर सुजेची खूण. मुलगा संध्याकाळी खेळतो, हे त्याच्याविरुद्ध नाही, त्याच्या बाजूने आहे. हे वाक्य लॅमिनेट करून दादाच्या बैठकीत टांगणार आहे. आई मात्र अजून म्हणते, 'आमवात? पोराला? तो मला आहे ना!' तिला समजावलं, सोळाच्या आत सुरू झालेला आणि सहा आठवड्यांच्या वर टिकलेला, तो मुलांचा संधिवात. तिने मान डोलावली आणि गरम मिठाची पुरचुंडी करायला गेली.

बी-२७, म्हणजे रक्ततपासणीत बघतात ती ह्या संधिवाताशी जोडलेली आनुवंशिक खूण, तो पॉझिटिव्ह आलाय. तेवढ्याने काही ठरत नाही, तो असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, हे तूच मला शिकवलंयस. पुढच्या आठवड्यात कमरेच्या खालच्या सांध्यांचा एमआरआय. एक्स-रेत दिसायला वर्षं जातात, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते.

आता खरी गोष्ट. ही सुजातालाही सांगितलेली नाही. रात्री तो हॉलमध्ये फिरतो, मी अंथरुणात जागा असतो आणि मनात येतं, दिसू दे बाबा त्या एमआरआयमध्ये काहीतरी. स्वतःच्या पोराला आजार निघावा म्हणून मी देव पाण्यात ठेवतोय! दिसला तर जन्माचं लचांड, गोळ्या, कदाचित महागडी इंजेक्शनं. नाही दिसला तर सगळे पुन्हा 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणायला मोकळे. बाई म्हणाल्या, काही निघालं नाही तरी दुखणं खरंच आहे, व्यायाम आणि शाळा आपण चालूच ठेवायची. मला पटलंय. पण मला पटून काय उपयोग, चौदा वर्षांच्या पोराने वर्गात काय सांगायचं?

तुझा रिपोर्ट आला त्या दिवशी तू साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आमच्याकडे आला होतास. सुजाता भडकली, कायमचा रोग निघाला आणि हा माणूस पेढे वाटतोय. मी दोन खाल्ले होते. मला तेव्हाच कळलं होतं, असं नाही म्हणणार, पण आता त्या पेढ्यांचा हिशेब लागतोय.

तर त्याच्याशी बोल. प्रवचन नको. पोहण्याचं सांग, सकाळच्या गरम पाण्याचं सांग, बाईक सोडावी लागली नाही तेही सांग. फळीचं आणि पट्ट्याचं सांगू नकोस. मला सांगत नाही ते तुला सांगेल, मला तो सांभाळून घेतो. विचारलं की 'बरंय बाबा' म्हणतो आणि मी बघत नसताना कंबर चोळतो. दिवसातून एकदाच विचारायचं असं मी ठरवलंय. जमत नाही.

तुझी बदली नागपूरला झाली म्हणे? सामान नेलंस का वहिनी अजून तिकडेच? सईच्या अॅडमिशनचं काय झालं ते कळव, आणि काकूंचं मोतीबिंदू उरकून घे. मेसचे एकशेवीस मी दिले होते, तू नाही. ह्यावर आता चर्चा नको.

फोन संध्याकाळी कर. सकाळी तुम्ही दोघंही माणसात नसता.

तुझा,
दिल्या