चष्मा न विकता बेळगावला धाडणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

खानापूरच्या बाजारात तुमच्या दुकानी बाबा आले होते ते नवा चष्मा करायला. उजव्या डोळ्याला अक्षरं वाकडीतिकडी दिसत होती. फ्रेम पसंत झाली होती, पैसेही काढून ठेवले होते. तुम्ही मात्र म्हणालात, "शुगर वर-खाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही. आणि हे नुसत्या नंबरचं काम दिसत नाही. आधी डोळ्याचा आतला पडदा तपासून या." हातचं गिऱ्हाईक परत पाठवलंत, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे वय झालं आणि कमी दिसू लागलं की सगळे एकच सांगतात: मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. तुम्ही तसं सोडून दिलं नाहीत. बाबांचा उजवा डोळा झाकलात, समोर बसलात आणि कडेने बोटं हलवत हळूहळू आत आणलीत. त्याच डाव्या डोळ्याने तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचणाऱ्या बाबांना तुमची बोटं बरीच आत येईपर्यंत दिसलीच नाहीत. मी शेजारीच उभा होतो. बांधावर ते का धडपडतात, रस्ता ओलांडताना "गाडी कुठून आली कळलंच नाही" का म्हणतात, ते मला तिथे उमगलं.

बेळगावला बाहुली मोठी करायचं औषध घालून पडदा बघितला, डोळ्यातलं प्रेशर मोजलं, फील्डची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्याची, तपासणी झाली. दुखणी दोन निघाली. उजव्या डोळ्यात शुगरमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपून मधोमध सूज आलेली. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डाव्यात जास्त. काचबिंदूत डोळ्याची नस आतल्या आत सुकत जाते, बहुतेकदा दुखत नाही, कडेची नजर आधी जाते. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. पिकायची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर आईने हाय खाल्ली. आधी बधिर करायचे थेंब घालतात, सुई क्षणभराचीच असते, हे तुम्ही तिला फोनवर शांतपणे सांगितलंत, तेव्हा कुठे ती तयार झाली. आता सूज उतरते आहे.

काचबिंदूच्या थेंबांचंही तुम्हीच शिकवलंत. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी. दवाखान्याचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. तुम्ही तो सगळा मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिलात. तो आमच्या देवघराशेजारी चिकटवला आहे. आता बाबा कुणाला विचारत नाहीत.

"काचबिंदू रक्ताच्या नात्यात येतो, भावंडांना आणि मुलांनाही दाखवा," असंही तुम्ही बजावलं होतंत. मी तपासून आलो, माझं ठीक आहे. निपाणीच्या आत्याचं प्रेशर मात्र वाढलेलं निघालं. तिला काहीच त्रास नव्हता. तिचेही थेंब सुरू झालेत, आणि रोज रात्री ती बाबांना फोन करून विचारते, "घातलास का रे?"

तिनेही तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितला आहे.

तुमचा ऋणी,
नंदगडचा एक मुलगा