अंगावरून वारं गेलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपलं रुग्णसाहित्य केंद्र कसं उभं राहिलं हे कराडात शनिवार पेठेला नव्यानं सांगायला नको, तरी सांगतो. एका आजींनी यजमानांच्या वर्षश्राद्धाचं जेवण साधं केलं आणि वाचलेल्या पैशांतून लोखंडी पलंग दिला. तो आजही फिरतोय, हँडल तेवढं दोनदा बदललं. टेंपोवाल्या दादांनी एकाही फेरीचं भाडं घेतलं नाही, रात्री दोन वाजतासुद्धा. चौकातल्या गणेश मंडळानं एक वर्ष डीजे सोडला, त्यातून चार एअर बेड आले. टेलरमामांनी पाठीशी लावायचे लोड शिवले, वर अभ्रेही दिले. या सगळ्यांच्या जिवावर आपण इथवर आलो.

आता मात्र साहित्याबरोबर माणसंही हवी आहेत.

लकव्याचा झटका आला की साडेचार तासांच्या आत मोठा दवाखाना गाठायचा, हे हल्ली रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. पण पेशंट घरी आणल्यावर काय करायचं? दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठ सोलते. पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. लुळ्या हाताला धरून उठवलं तर खांदा जन्माचा दुखतो. नाकातली नळी किती दिवस ठेवायची, पुन्हा ॲडमिट करायचं का, हे प्रश्न घरच्यांच्याच गळ्यात.

मागच्या महिन्यात एका घरी गेलो. काकांची वाचा गेलेली, फक्त ‘बरं’ एवढाच शब्द उरलाय. कोणतं ‘बरं’ तहानेचं आणि कोणतं रागाचं, हे काकूंना कळतं. त्यांच्या मोबाईलवर रात्रीचे तीन गजर लावलेले. अर्धा तास आम्ही काकांचीच विचारपूस केली. निघताना आमच्या नर्सताईंनी विचारलं, “काकू, तुम्ही सलग कधी झोपलात?” काकूंनी आधी गॅस बंद केला, मग खाली बसल्या. बराच वेळ बोलत होत्या.

उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर, लांबलेल्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करायच्या सेवेत, घरच्यांना हे विचारणंही येतंच. गेल्या वर्षी याच विषयावर सभा घेतली, साठ खुर्च्या मांडल्या, नऊजण आले. त्यातल्या एकानं ऐकवलं, “हे कॅन्सरवाल्यांचं काम.” तसं नाही हो. केरळात कोझिकोड-मलप्पुरमकडे शेजारीपाजारीच आठवड्याचे दोन तास देऊन अंथरुणाला खिळलेल्यांची घरं सांभाळतात, त्यात लकव्याचे रुग्णही येतात. 2008 मध्ये तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरणही केलं. आपल्याला दोन तास जड का जावेत?

पक्षाघात दिन 29 ऑक्टोबरला आहे. त्याआधी पेठेतल्या अशा प्रत्येक घरी जाऊन गरजा लिहून घ्यायच्या आहेत. स्वयंसेवक वीस हवेत (बायका जास्त हव्यात, घरातल्या सुना पुरुषांपुढे बोलत नाहीत). शिकवणी दोन रविवार सकाळी 10 ते 12, कार्यालयात. नर्सताईंचं सहा महिन्यांचं मानधन, एअर बेडचे तीन पंप, घशातला कफ ओढून काढणारं एक सक्शन मशीन, मोठ्यांचे डायपर, मिळून 1,40,000 रुपये. रोख दिल्यास पावती घ्यावीच. क्यूआर कोड फलकावर आहे. जुनं साहित्य धुऊन आणावं. कार्यालय संध्याकाळी 6 ते 8, सोमवार बंद.

आपला,
सचिव

ता. क. पावसाळ्याआधी नेलेली कमोडची खुर्ची अजून परत आलेली नाही. नेणाऱ्यांना माहीत आहे. तिच्यासाठी दोन घरं थांबली आहेत.